शिवलेली नऊवारी, खणाचे ड्रेस आणि हरवलेली कनवट

काठपदर:

गणपती जवळ आले की लक्ष्मी रोड, तुळशीबाग सगळीकडे शिवलेल्या नऊवाऱ्या लटकायला लागतात. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी अशी नावं असतात, किंमत परवडणारी असते आणि पाच मिनिटांत तयार होता येतं. मी कर्वेनगरमध्ये बायकांचे कपडे शिवते, माझ्याकडेही या ऑर्डरी भरपूर येतात, त्यामुळे शिवलेल्या नऊवारीला नावं ठेवायला हा धागा नाही हे आधीच सांगते. ज्या मुलीला नेसवायला घरात कोणी नाही, तिला ती हौस या कपड्यामुळे करता येते, आणि ते मला मनापासून चांगलं वाटतं.

पण एक गोष्ट मला सतत टोचते. आपण सगळे, म्हणजे मोठे डिझायनर असोत की माझ्यासारखे गल्लीतले, जुन्या कपड्यातून फक्त दिसणं उचलतोय. काठ, बुट्टी, निऱ्यांचा आकार, झालं. तो कपडा अंगावर काम कसं करायचा ते कोणी बघतच नाही.

नेसायची नऊवारी घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्याला एक टाका नाही, एक हुक नाही. कमरेला गाठ, निऱ्या, काष्टा मागे खोचला की दोन्ही पाय मोकळे. शेतात वाका, विहिरीवर जा, जिना चढा, काही अडत नाही. बाई बारीक झाली, जाड झाली, सातवा महिना लागला, तेच लुगडं चालतं आणि तेच पुढे लेकीला, सुनेला होतं. शिवाय कनवट! पैसे, किल्ली, सुपारी सगळं कमरेला खोचलेलं. ओच्यात तर भाजी, शेंगा, फुलं काय वाट्टेल ते मावायचं. म्हणजे आपल्या पणजीच्या कपड्यात खिसा होता आणि आज दोन हजारांच्या कुर्त्याला नसतो, असला तर त्यात रुमालसुद्धा धड जात नाही.

आता शिवलेली बघा. बहुतेकदा ती सहावारी साडी कापून करतात, त्यामुळे तीन वार वाचतात. माप ठरलेलं, मागे चेन, कमरेला इलॅस्टिक. आसन, म्हणजे दोन पायांमधला जोड, थोडं वर बसलं तर मांडी घालून बसता येत नाही, वजन वाढलं की कपाटात, आणि साडी कापलेली असल्यामुळे ती परत साडी म्हणून नेसताही येत नाही. दिसते मात्र हुबेहूब नऊवारी!

आजच्या बाईसाठी कपडा करायचा तर जुन्या कपड्यातलं हे डोकं घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे. काठ आणि बुट्टी त्यानंतर. तुम्हाला काय वाटतं? खण, पैठणी, कुर्ते, ऑफिसचे कपडे, कशाबद्दलही लिहा.

मुठाकाठची:

धागा आवडला. कनवटीचं वाचून आजी आठवली, तिच्या कनवटीला कायम नोटेची घडी असायची आणि ती आजोबांना माहीत नसायची. त्या जागेला नुसता खिसा म्हणता येणार नाही, बाईचे स्वतःचे पैसे तिथे असायचे. आता मोबाईल एका हातात, गाडीची किल्ली दुसऱ्या हातात आणि खांद्याला पर्स, अशी आपली मुलगी लग्नात मिरवते.

ढोलवाली:

मी ढोलपथकात आहे, त्यामुळे यावर हक्काने बोलते :) काही पथकांत पांढरा कुर्ता-सलवार असतो, काही ठिकाणी मुली नऊवारीत वाजवतात. ढोल कमरेला बांधून चार-पाच तास चालत वाजवायचं तर शिवलेल्या नऊवारीचं इलॅस्टिक पट्ट्याखाली दाबलं जातं, घामाने काचतं आणि चेन तर हमखास दगा देते. नेसलेली नऊवारी घट्ट बांधली तर हलत नाही, हा अनुभव आहे. फक्त नेसवायला एक जाणती बाई लागते आणि वीस मुलींना नेसवायचं म्हणजे पहाटेपासून रांग.

खिसा तर हवाच हो. मिरवणुकीत मोबाईल कुठे ठेवायचा हा दरवर्षीचा प्रश्न आहे.

जुनीजाणती:

काठपदर, तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे पण जुन्या कपड्याबद्दल बोलताना एक बाजू राहते, ती लिहिते. आपल्याकडे बाईच्या अंगावरचा कपडा तिच्याबद्दल सगळं गावाला सांगायचा आणि त्यात तिला विचारलेलं नसायचं. ब्राह्मणांत विधवा झाली, केशवपन झालं की तिला आलवण, म्हणजे तांबडं लुगडं. तोच तांबडा रंग सवाष्णीच्या अंगावर शुभ आणि हिच्या अंगावर शिक्षा. आज आपण मरून रंग मस्त फेस्टिव्ह म्हणून घेतो, तेव्हा माझ्या पिढीतल्या काही जणींच्या डोळ्यासमोर घरातली ती एक आत्या येतेच. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. आज ज्या कर्वेनगरात तुम्ही शिवणकाम करता तीच ही जागा. तिथे शिकायला आलेल्या मुलींच्या कपड्यांतही हळूहळू बदल झाला आणि त्यातल्या प्रत्येक बदलावर बाहेर लोक बोलायचे.

काळ्याचं बघा. एरवी काळं अशुभ, पण संक्रांतीला चंद्रकळा हवीच, नव्या नवरीला तर काळी साडी आणि हलव्याचे दागिने. थंडीत काळं ऊब धरतं म्हणून असं सांगतात. म्हणजे रंगाचा अर्थ दिवसावर, बाईवर आणि कोण बघतंय त्यावर ठरायचा.

तांबडंफुटलं:

जुनीजाणती यांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन, आणि त्यात भर घालतो. नऊवारी म्हणजे एकच नऊवारी नव्हती. लुगडं घोट्यापर्यंत की गुडघ्याच्या वर, हे बाईने तिच्या सोयीने ठरवलेलं नव्हतं, जातीवर ठरायचं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळं बोलताना हाच मुद्दा काढला होता. तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे-चांदीचे ढीगभर दागिने ही तुम्हाला ओळखायची खूण आहे, ती पुसून टाका, वरिष्ठ जातीच्या बायका नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. आणि तिथल्या बायकांनी लगेच तशी नेसायला सुरुवात केली.

नेसण बदलणं हे तिथे बंड होतं. म्हणून एखादा ब्रँड ट्रायबल, रस्टिक असं नाव देऊन गुडघ्यापर्यंतची नेसण आणि जाड चांदीचे कडे फॅशन शूटमध्ये दाखवतो तेव्हा मला त्रास होतो. ज्या आज्यांनी ते ठरवून उतरवलं त्यांच्या नाती ते बघताहेत. डिझाइन करणाऱ्याने हे माहीत करून घ्यावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. माहीत करून घेऊन मग कोणी अभिमानाने घातलं तर तो वेगळा विषय, माझ्या ओळखीच्या काही मुली घालतातही.

काठपदर:

तांबडंफुटलं, मनापासून आभार. महाडचा हा संदर्भ फॅशनच्या कोर्समध्ये पहिल्या वर्षी शिकवायला पाहिजे. आमच्याकडे कोर्सला फ्रेंच कॉलरचे प्रकार पाठ करून घेतात, पण लुगड्याच्या नेसणी किती आणि कोण कुठली नेसायचं यावर एक तास नसतो.

आणि यामुळे माझा मुद्दा अजून पक्का होतो. पाय मोकळे, कनवट, अंगासारखं होणारं माप, हे त्या कपड्यातलं सगळ्यांच्या कामाचं आहे. नुसतं दिसणं उचललं की त्याबरोबर ती उतरंडही नकळत उचलली जाते.

कोथरूडची_पोरगी:

मी हिंजवडीला जाते, रोज गाडीवर. तुम्ही सगळे साडीवर बोलताय पण पुण्याच्या बाईचा खरा आधुनिक कपडा मला विचाराल तर तोंडाला बांधलेला स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे! तो कुठल्या डिझायनरने केला नाही, कुठल्या रॅम्पवर आला नाही. ऊन, धूळ आणि शिवाय कोणी ओळखू नये हा फायदा. कॉलेजमध्ये असताना मित्राच्या गाडीवर मागे बसलं की स्कार्फ असल्यामुळे शेजारच्या काकूंना कळायचं नाही, हे सगळ्या मुलींना माहितीये. ओढणी छातीवरून निघाली आणि डोक्याला गेली, आता कुर्त्यावर ओढणी कोण घेतं? पण डिकीत स्कार्फ असतोच.

ऑफिसला मी कुर्ता आणि जीन्स किंवा सरळ पँट घालते. खिसा असलेला कुर्ता मिळाला की त्याच दुकानातून तीन रंगांत घेते.

हडपसरची_वहिनी:

आणि गाऊन विसरू नका! आमच्या सोसायटीत सकाळी दूध घ्यायला, कचरा द्यायला सगळ्या गाऊनवर, अंगावर एक ओढणी किंवा टॉवेल टाकायचा की झाली बाई बाहेर जायला तयार. साडी नेसून स्वयंपाक करणाऱ्या सासूबाईंच्या पिढीने सुरुवातीला किती बोलून घेतलं यावरून, आणि आता त्याच सासूबाई गाऊनशिवाय राहत नाहीत. लग्नानंतर पंजाबी ड्रेस घालायला परवानगी मागावी लागायची अशा घरात मी आले, त्यामुळे मला या साध्या सुती गाऊनचं फार कौतुक आहे. त्यालाही खिसा हवा मात्र, काही शिंपी लावून देतात.

येवल्याचा_जावई:

बायकांच्या धाग्यावर लिहितोय, चालेल ना? सासर येवल्याचं आणि घरात माग होता म्हणून लिहितो. लोक पैठणी म्हणून जे घेतात त्यातलं बरंचसं सेमी पैठणी, म्हणजे यंत्रमागावरचं असतं. ते घेण्यात काही वाईट नाही, फक्त घेताना माहीत असावं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा, दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कारण मोर, मुनिया, कमळ जे काही असेल ते रंगारंगाच्या छोट्या कांड्यांनी हाताने एकमेकांत अडकवत विणलेलं असतं. यंत्रावरच्या पदराला मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. काठ आणि अंग वेगळ्या रंगाचं असेल तर तेही जागेवर जोडत जोडत विणायचं. साधी साडीसुद्धा महिना-दीड महिना घेते, भरलेला पदर असेल तर विचारूच नका. पैठणीला २०१० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानात बाई विचारते की डिस्काउंट किती.

आता पैठणीची जॅकेटं, पर्स, अगदी मास्कसुद्धा झाले. नवीन कापड कापून केलं तर माझी हरकत नाही. पण सासूची जुनी पैठणी कापायला नेऊ नका हो! पूर्वी जुन्या जरीच्या साड्या वितळवायला देऊन त्यात भांडी घ्यायचे, खऱ्या चांदीची जर होती ती, तेव्हाच किती नमुने गेले असतील.

शिंपीआळी:

मी खणावर लिहिते कारण गेली काही वर्षं माझं निम्मं काम खणाचं आहे. खण येतो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. मुळात हा चोळीचा कपडा. माग अरुंद, त्यामुळे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, दोन्ही बाजूंना काठ, मध्ये बारीक बुट्टी, आणि विकायचा तो त्रिकोणी घडी घालून. देवीची ओटी, सवाष्णीची ओटी, खण-नारळ. आपल्याकडे त्याचा अर्थ एवढा पक्का की लहानपणी खण म्हटलं की ओटीच डोळ्यासमोर यायची, अंगावर घालायचा कपडा हे नंतर.

मग झालं काय की साध्या सुती साडीवर खणाचा ब्लाउज घालायची फॅशन आली, त्यानंतर खणाची साडी, मग ड्रेस, दिवाळीचे कंदील, तोरणं, लॅपटॉपच्या बॅगा. साडीला मोठा पन्हा लागतो, हातमाग तेवढा रुंद नाही, म्हणून बहुतेक साड्या यंत्रमागावर आणि धागा पॉलिस्टरचा. आज दुकानात शंभर खणाच्या साड्या बघितल्या तरी त्यात हातमागाची शोधावी लागते. उन्हाळ्यात पॉलिस्टरचा खण घालून बघा, मग कळतं.

पण सगळं निराशेचं नाही. वैशाली शडांगुळे यांनी २०२१ मध्ये पॅरिसच्या कूत्यूर वीकमध्ये, म्हणजे उंची फॅशनच्या सप्ताहात, शो केला, तिथे शो करणारी ती पहिली भारतीय स्त्री डिझायनर, आणि ती खणाच्या विणकरांबरोबर काम करते. तिचे कपडे बघा, खणाची बुट्टी ठसठशीत दाखवून हे बघा आमची परंपरा असं ती करत नाही. कापड पिळते, दोऱ्या करते, त्याला अंगाभोवती वळवते. कापडाला काय काय करता येतं ते ती शोधते. काठपदर म्हणतात ते हेच असावं.

सदाशिवातला:

एक शंका. परंपरा परंपरा करतो त्यातलं किती जुनं असतं? नवरात्रीचे नऊ रंग घ्या. एका मराठी दैनिकाने या शतकाच्या सुरुवातीला ते चालू केले, आणि आता ऑफिसात, बँकेत, लोकलमध्ये सगळ्या बायका त्या दिवशी त्याच रंगात, ज्या मुली त्यानंतर जन्मल्या त्यांना वाटतं पूर्वापार चालत आलंय. पाचवारी साडी तरी कुठे प्राचीन आहे? आज नेसतो त्या पद्धतीला ज्ञानदानंदिनी देवींचा हातभार आहे, सत्येंद्रनाथ ठाकुरांची पत्नी, १८६० च्या दशकात मुंबईत राहत असताना पारशी बायकांचं बघून त्यांनी ती नेसण बंगालमध्ये नेली. म्हणजे गोल साडी हीसुद्धा त्या काळातली नवी फॅशनच. आणि देव्यांच्या साड्या आपल्या डोक्यात बसल्या त्या रविवर्म्याच्या छापील चित्रांतून, त्याचा छापखाना आधी घाटकोपरला आणि मग इथे लोणावळ्याजवळ मळवलीला होता.

जुनीजाणती:

शंका रास्त आहे. पण नऊ रंगांना नावं ठेवू नका, भाऊ. आमच्या बँकेत शिपाईबाई आणि मॅनेजरबाई एका रंगात उभ्या राहून फोटो काढायच्या, एरवी कधी एकत्र चहासुद्धा प्यायल्या नसत्या. नवं असलं तरी त्यातून काहीतरी झालं ना.

कोथरूडची_पोरगी:

+१. फक्त त्या रंगाचा कपडा नसेल तर नवीन घ्यावा लागतो हे दुकानदारांच्या फार सोयीचं आहे. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही एकमेकींच्या साड्या घेतो.

तांबडंफुटलं:

श्रेय देण्याचा विषय निघालाच आहे तर कोल्हापुरीचं पण लिहायला हवं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या ब्रँडने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावच नाही. आपल्याकडे ओरड झाली तेव्हा त्यांनी मूळ कुठलं ते मान्य केलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्या वेळी सगळे आपली संस्कृती, आपला अभिमान म्हणत होते, पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ते चामडं कमावलं, शिवलं आणि त्यासाठी अपमान सोसला, त्यांचं नाव किती जणांनी घेतलं? मिलानवाल्यांकडून जी अपेक्षा तीच पुण्यातल्या बुटीककडून पण ठेवा. माग कोणाचा, हात कोणाचा, ते लेबलवर येऊ द्या.

काठपदर:

हे मी माझ्यापुरतं करू शकते आणि करणार. खण हातमागाचा की यंत्रमागाचा, गाव कुठलं, हे चिठ्ठीवर लिहायचं.

आता मूळ विषयावर. धागा टाकल्यापासून मी शिवलेल्या नऊवारीचा एक वेगळा कट करून बघतेय. साडी कापायची नाही, पूर्ण नऊवारच घ्यायची. निऱ्या आणि काष्ट्याची जागा कच्च्या टाक्यांनी पक्की करायची, म्हणजे उसवलं की परत साडी. कमरेला इलॅस्टिकऐवजी आतून रुंद नाडी, दोन्ही बाजूंनी ओढता येईल अशी, म्हणजे माप बदललं तरी चालेल. आसनाला भरपूर माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवायची. आणि केळ्याच्या, म्हणजे पुढच्या निऱ्यांच्या घोळाच्या, मागे, जिथे कनवट यायची त्याच जागी, आतून खिसा, मोबाईल उभा राहील एवढा खोल. अडचण एवढीच की नऊवार कापड असल्यामुळे किंमत बाजारापेक्षा वर जाते आणि वजनही वाढतं. सुती घेतली तर बरं बसतं, सेमी सिल्कला निऱ्या घसरतात.

शिंपीआळी:

खिसा नाडीच्या पट्टीला लावा, साडीच्या कापडाला नको, नाहीतर मोबाईलच्या वजनाने केळं खाली ओढलं जाईल आणि पुढून लोंबल्यासारखं दिसेल. पट्टी जाड कॉटनची, तिला कडेने उरेब गोट, म्हणजे तिरक्या कापडाची पट्टी. आणि खिशाचं तोंड आडवं ठेवू नका, तिरकं ठेवा, बसल्यावर मांडी वर येते तेव्हा आडव्या खिशातून वस्तू बाहेर पडते.

हडपसरची_वहिनी:

किंमत जास्त असली तरी साडी परत मिळणार असेल तर मी देईन. माझ्या कपाटात कापलेल्या दोन आहेत, लेकीला आता लहान होतात आणि टाकवत पण नाहीत. बाळंतपणानंतरच्या बायकांना हे सांगा, त्या नक्की घेतील.

येवल्याचा_जावई:

सुतीत बघायची तर इरकल बघा, काठाला वजन असतं त्यामुळे काष्टा खाली नीट पडतो. सासूबाई रोज इरकलच नेसायच्या, पैठणी फक्त कार्याला.

ढोलवाली:

काठपदर ताई, पहिला पीस मला द्या. सराव सुरू झालाय, रोज संध्याकाळी नदीपात्रात असतो. ढोल बांधून, उड्या मारून, पावसात भिजवून सगळं करून बघते आणि नाडी कुठे काचते, खिशात पाणी जातं का ते इथेच लिहिते. खिशाला आतून पातळ रेक्झिन लावता येईल का, मोबाईल घामाने ओला होतो?

काठपदर:

रेक्झिनने घाम अंगाला चिकटेल. छत्रीचं कापड लावून बघते, रविवार पेठेत सुटं मिळतं. कमरेचं आणि उंचीचं माप मेसेज कर, ढोलाचा पट्टा बांधून घेतलेलं.